दंड की उभी रेघ?

गणपती जवळ आले की आमच्या देवरूखच्या घरात आरत्यांच्या याद्या फिरू लागतात. मुंबई-पुण्याची भावंडं विकीच्या पद्धतीनं तक्ता करतात: आरती कोणती, रचना कुणाची, शब्द काय. आणि तक्ता झाला की हात शिवशिवतातच! हे ठळक, ते तिरकं, त्याला शेंदरी रंग... माझं मत विचाराल तर आधी खुणा नीट करा, नटवणं मागाहून.

का ते सांगतो. विकीच्या लेखनात उभी रेघ (|) म्हणजे चौकटीची भिंत. आपल्या आरत्या-अभंगांत चरण संपला की दंड येतो. कीबोर्डवर दंड सापडला नाही की लोक तीच रेघ दामटतात. आपल्या डोळ्यांना फरक कळत नाही, विकीला कळतो. चौकटीत एकटी रेघ आली, तर तिच्या आधीचे शब्द ती रंग-रुंदीच्या सूचना समजते आणि ते पानावर उमटतच नाहीत. जोडरेघ आली की नवी चौकट सुरू. म्हणजे पहिला चरण गायब आणि पुढचं कडवं शेजारच्या रकान्यात! २००४ साली आलेल्या मार्कडाउनमध्ये तक्ते मुळात नव्हतेच. पुढे विस्तारांनी आणले, तेही याच रेघेवर. उपाय सोपा आहे. युनिकोडमध्ये दंड (।) आणि दुहेरी दंड (॥) ही स्वतंत्र चिन्हं आहेत, तीच वापरा.

रकान्याचं शीर्षक ठळक करायला विकीत दोन्ही बाजूंना तीन-तीन अपॉस्ट्रॉफी देतात. त्यापेक्षा रेघेच्या जागी उद्गारचिन्ह द्या. अक्षर आपोआप ठळक होतं, शिवाय पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला हे शीर्षक असल्याचं समजतं. ज्यांना दिसत नाही त्यांना नुसत्या ठळकपणाचा काय उपयोग?

आणि तिरकं अक्षर? ते रोमन लिपीला शोभतं. बहुतेक देवनागरी फॉन्टांत खरं तिरकं वळण नसतंच; ब्राउझर अक्षर नुसतं कलतं करतो. शिरोरेखा आडवी ती आडवीच, काने मात्र कलंडलेले. बारीक अक्षर ठळक केलं तर ‘ष्ट्र’सारखं जोडाक्षर बुजून जातं.

असो. रंग हवाच तर एकदा अख्ख्या ओळीला द्या, चौकटी-चौकटीत नको. पण त्याआधी आरतीतले सगळे शब्द पानावर आहेत ना, तेवढं बघा. झांजा वाजायला लागल्यावर शेंदरी रंग कोण बघतो?