वारीची वळकटी

बेंगळुरूहून आषाढी वारीला निघालेली आपली मराठी मुलं हिमालयाच्या थंडीसाठीची स्लीपिंग बॅग विकत घेतात, तेव्हा जीव हळहळतो. आळंदी ते पंढरपूर सुमारे 250 किलोमीटर. त्या वाटेवर खरी गाठ पडते ती ओलीशी. रात्री राहुटीत पाणी शिरलं की सोलापुरी चादर भिजून दगडासारखी जड होते, लवकर वाळतही नाही. त्यापेक्षा खाली मेणकापड, वर फोमची पातळ चटई आणि पांघरायला जुनं, विटलेलं सुती लुगडं घ्या. दुपारच्या विसाव्याला बाभळीवर पसरलं की ते चटकन सुकतं. दिंडीचा ट्रक वळकटी वाहतो खरा, पण गर्दीत अडकला तर मुक्कामी उशिरा पोचतो. म्हणून मेणकापड आणि लुगडं स्वतःच्या पाठपिशवीतच ठेवा.