पंधरा मीटरांचा अर्ज

वऱ्हाडच्या जुन्या दफ्तरांत या मुलखाचे बालाघाट आणि पाईनघाट असे दोन भाग पाडलेले आढळतात; दफ्तरे बदलली, राज्ये बदलली, तरी बुलढाणा जिल्ह्यातला माणूस अजूनही आपली ओळख ‘घाटावरचा’ किंवा ‘घाटाखालचा’ एवढ्या एका शब्दात उरकतो आणि ऐकणाऱ्याला तेवढ्यावरून त्याचे पाणी, पीक आणि पुष्कळदा सोयरिकीही कळून चुकतात. मलकापूरच्या काळ्याभोर सपाटीवरून निघून मोताळा मागे टाकावे आणि राजूर घाटाची वळणे घेत बुलढाण्याच्या पठारावर यावे, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. परंतु वर जाण्यासाठी सरकारने रस्ता बांधून दिलेला असताना तो सोडून कोणी हातापायांनी कडा चढू म्हणेल, ही कल्पना मात्र आमच्या पचनी पडत नाही. माझी नात यंदा दहावीत आहे आणि तिला हेच करायचे आहे.

हे वेड कोठून आले याचा मी शोध घेतला, तेव्हा ते डोंगरातून नव्हे, तर तिच्या आईच्या मोबाइलमधून आले असे निष्पन्न झाले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये इंडोनेशियाच्या वेड्रिक लिओनार्दोने पंधरा मीटर उंचीची भिंत ४.७५ सेकंदांत चढून सुवर्णपदक मिळवले. ती शर्यत हिने इतक्यांदा पाहिली की, अखेरीस मलाही त्याच्या उजव्या हाताची पहिली झेप पाठ झाली. त्यानंतर दारावरची तुळई, पाण्याच्या टाकीचा कठडा आणि देवळामागची पडकी भिंत यांपैकी कशालाही तिने मोकळे सोडले नाही. तिची आई, म्हणजे माझी लेक, संतापली की शाळेतली प्रमाण भाषा टाकून आपल्या मूळ बोलीवर येते. “माकडावाणी भितीवर काहून चढतं वं?” असे ती ओरडली. “हातपाय मोडले त दहावीचा पेपर कोन लिहीन?” या दुसऱ्या प्रश्नाला माझ्यापाशीही तयार उत्तर नव्हते.

या लिओनार्दोविषयी एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. तो पोंतिआनाक या शहरचा. आणि पोंतिआनाक हे बोर्निओ बेटावर, थेट विषुववृत्तावर, नदीकाठी वसलेले सपाट गाव आहे. तोवर इंडोनेशियाला ऑलिंपिकचे सुवर्ण बॅडमिंटनखेरीज कोणत्याही खेळात मिळालेले नव्हते. ज्या गावाला टेकडीही धड लाभलेली नाही, तेथल्या मुलाने ते चढाईत मिळवून दिले. याचे कारण या खेळाच्या घडणीत आहे. वेगाच्या चढाईची भिंत जगात सर्वत्र एकाच मापाची असते: उंची पंधरा मीटर, बाहेरच्या बाजूस पाच अंशांचा कल आणि हातापायांच्या पकडींची मांडणी ठरलेली, त्यात तसूभरही फरक नाही. ‘लीड’ या प्रकारात सहा मिनिटांत दोर अडकवीत जमेल तेवढे उंच जायचे. ‘बोल्डरिंग’मध्ये दोरच नसतो, खाली जाड गाद्या असतात आणि भिंतीवरचे कोडे स्पर्धकाला आधी चढून पाहू देत नाहीत. त्याच पॅरिसमध्ये या दोहोंच्या संयुक्त स्पर्धेत जपानच्या सोराटो अनराकूने रौप्यपदक घेतले, तेव्हा त्याचे वय सतरा वर्षांचे होते. हा कोवळ्या वयातच रुजणारा खेळ आहे; ‘आधी शिक्षण पुरे होऊ दे, मग बघू’ हा आमचा ठरीव सल्ला येथे लागू पडत नाही.

आता आईच्या भीतीची कैफियत ऐकणे न्यायाचे होईल, कारण ती भीती निराधार नाही. तेंबा छिरी हा नेपाळी मुलगा २००१ मध्ये सोळाव्या वर्षी एव्हरेस्टवर पोहोचला, हे कौतुकाने सांगितले जाते. त्याच्या आदल्या वर्षी तेथेच बुटाची नाडी बांधण्यासाठी हातमोजे काढल्यामुळे त्याची पाच बोटे हिमदंशाने गेली होती, हे मात्र सांगितले जात नाही. स्पर्धेच्या भिंतीवरही धोका नाही असे नव्हे. वाढत्या वयात बोटांच्या हाडांची टोके अद्याप कच्ची असतात, त्यांवर अतिरिक्त ताण देणारा सराव केला तर तेथे अस्थिभंग होतो. आणि वजन कमी तितकी चढाई सोपी, या हिशेबाने मुले उपाशी राहू लागतात, ही तर या खेळातली जुनी चिंता आहे. आपल्या भागातला काळा कातळ लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. त्यातली हातात आलेली खोबण पुष्कळदा हातातच सुटून येते, पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते आणि उन्हाळ्यात कपारीला आग्या मोहोळ लटकलेले असते. सह्याद्रीत हिंडणारी जाणती मंडळी कड्याइतकीच त्या मोहोळाला भितात.

परंतु या भीतीवर आम्ही जो तोडगा काढला आहे तो बंदीचा आहे, आणि बंदीने मूल चढायचे थांबत नाही, ते फक्त एकटे चढू लागते. दोरावरची चढाई हा मुळात दोघांचा व्यवहार आहे: एक वर जातो आणि दुसरा खाली उभा राहून त्याचा दोर सांभाळतो, यालाच गिर्यारोहक ‘बिले’ देणे म्हणतात. देवळामागच्या भिंतीवर माझ्या नातीला बिले देणारे कोणी नव्हते. तान्हाजीची यशवंती आणि रायगडची हिरकणी यांच्या आख्यायिका आम्ही पाळण्यापासून मुलांच्या कानी घालतो (हिरकणी कडा चढली नाही, उतरली, आणि उतरणे अधिक कठीण असते, हे सांगायचे तेवढे राहून जाते), सिंदखेडराजाला १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवास लोटणाऱ्या गर्दीत मुलांना खांद्यावर बसवून नेतो, आणि त्याच मुलाने दोर मागितला की त्याच्या हाती गाईड देतो.

विदर्भात याहून वेगळे करून दाखवलेले आहे. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी, मनीषा धुर्वे, उमाकांत मडावी, प्रमेश आळे, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम, एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले. आदिवासी विकास विभागाच्या या मोहिमेचे नाव ‘मिशन शौर्य’. त्याआधी २०१४ मध्ये तेलंगणाची मालावत पूर्णा वयाच्या तेराव्या वर्षी तेथे पोहोचली होती. नेपाळात सोळा वर्षांखालील मुलांना परवाना मिळत नसल्यामुळे ती तिबेटच्या बाजूने चढली. या मुलांच्या गळ्यातल्या हारांपेक्षा मला त्यांच्या तालमीचा क्रम महत्त्वाचा वाटतो. पूर्णेला प्रथम भोंगीरच्या खडकावर शिकवले, तेथून दार्जिलिंगच्या पर्वतारोहण संस्थेत नेले, पुढे लडाखच्या थंडीत ठेवले आणि मगच एव्हरेस्ट दाखवले. आम्हांला त्या मालिकेतला शेवटचा मणी तेवढा दिसतो, आणि दिसताक्षणी गावात फलक लागतात, ज्यांवर चढणाऱ्याच्या छायाचित्रापेक्षा अभिनंदन करणाऱ्यांची छायाचित्रे मोठी असतात. एव्हरेस्टच्या नावाने खर्चाला मंजुरी सहज मिळते. खालच्या पायरीला कोणी पैसे देत नाही, कारण त्या पायरीवर उभे राहून भाषण करता येत नाही.

खालची पायरी आपल्या जिल्ह्याला अपरिचित आहे असेही नाही. बुलढाण्याचा प्रथमेश जावकर मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत जगातल्या अव्वल कंपाउंड धनुर्धर माइक श्लोसरला १४९-१४८ असे हरवून सुवर्णपदक घेऊन आला, आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणाऱ्या भारतीय संघातही तो होता. त्याला घडवणारे चंद्रकांत इलग हे पोलीस दलातले. येथे ना क्रीडासंकुलांचे मोठे जाळे होते, ना धनुर्विद्येची परंपरा. रोज वेळेवर मैदानात येऊन मुलांच्या मागे उभा राहणारा एक गुरू होता. मग चढाईसाठी एक भिंत आणि एक असाच माणूस या जिल्ह्याने का मागू नये?

माझी सूचना एवढीच आहे की, ही भिंत जिल्ह्याच्या ठिकाणी उभारावी, तिच्यासोबत प्रशिक्षित शिक्षकाची नेमणूक व्हावी, दोर आणि हार्नेस यांच्या वापराची तारीखवार नोंदवही ठेवावी आणि जुना झालेला दोर निर्दयपणे कापून टाकण्याचा लेखी हुकूम तेथे टांगलेला असावा. घाटाखाली खामगावला दुसरी भिंत झाली तर उत्तमच. पोंतिआनाकचा दाखला घाटाखालच्यांच्याच बाजूचा आहे. भिंतीवर दोन-तीन वर्षे काढलेल्या मुलांना मग हिवाळ्यात, जाणत्यांच्या देखरेखीखाली, खऱ्या कातळावर न्यावे. लोणारचे मात्र नाव कोणी काढू नये. ते विवर उल्काघाताने बेसॉल्टमध्ये झालेले, जगात दुर्मीळ. शिवाय अभयारण्य आणि २०२० पासून रामसर स्थळ. त्याच्या काठात खिळे ठोकण्याचा मोह कोणा उत्साही मंडळाला झालाच तर वनखात्याआधी मी आडवा येईन.

पर्वतारोहण आणि भिंतीवरची स्पर्धा ही एकच वाट नव्हे, हेही या निमित्ताने पालकांनी जाणून घ्यावे. भिंतीवर सेकंद मोजतात, पर्वतावर दिवस. भिंतीवर जिंकण्यासाठी जायचे, पर्वतावरून परत येण्यासाठी. काही मुले एकीकडून दुसरीकडे जातील, काही जाणार नाहीत, काही सहा महिन्यांनी कंटाळून कबड्डीकडे वळतील. त्यांना तशी मुभा असावी. हौस ही करारनाम्यासारखी मुद्रांकाच्या कागदावर लिहून घ्यायची वस्तू नाही.

लेकीशी बोलणी करून तूर्त असे ठरले आहे की, दहावीची परीक्षा होईपर्यंत देवळामागची भिंत बंद आणि परीक्षा संपताच पुण्याच्या उन्हाळी शिबिराला रवानगी. दरम्यान जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत द्यावयाचा अर्ज मी नातीच्या नावाने लिहून काढला. सरकारी अर्ज लिहिण्यात हयात गेल्यामुळे त्यात ‘भावी काळात एव्हरेस्टसारखी सर्वोच्च शिखरे पादाक्रांत करून जिल्ह्याचा नावलौकिक दिगंत करण्याच्या सदिच्छेने’ असे एक भारदस्त वाक्य मी घातले होते. तिने तो शांतपणे वाचला, पेन मागितले आणि ते वाक्य आडवी रेघ मारून खोडले.

“आबा, येवढं नाही मागायचं,” ती म्हणाली, आणि वरच्या कोऱ्या जागेत तिने आपल्या गोल अक्षरांत लिहिले: ‘उंची पंधरा मीटर.’