आनंदचा चाहता कोणाला म्हणावे?

कौतुक करताना आपण गोमंतकीय कधी हात आखडता घेत नाही. शाल, श्रीफळ, मानपत्र आणि लांबलेली दोन-चार भाषणे... एखाद्याचे नाव झाले की आपला सत्कार तयारच असतो. २०२५च्या ऑक्टोबरअखेर हडफड्यात बुद्धिबळाचा विश्वचषक सुरू झाला, त्या चषकाला विश्वनाथन आनंदचे नाव दिलेले होते. त्यानंतर 'आनंद माझा आवडता खेळाडू' असे म्हणणारे जागोजागी भेटू लागले. त्यांना आनंदने पाच वेळा जगज्जेतेपद मिळवले हे ठाऊक असते. १९८८ साली तो भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला हेही ठाऊक असते. पण त्याचा कुठला डाव तुम्हाला आवडतो, असे विचारले की संभाषण तिथेच थांबते.

माझे मत थोडे कडक वाटेल, पण सांगतो. ज्याने आपल्या आवडत्या ग्रँडमास्टरचा एकही डाव पटावर मांडून पाहिलेला नाही, त्याचे प्रेम नावावर आहे. खेळाशी त्याची अजून ओळखच व्हायची आहे.

गाण्याच्या बाबतीतही आपले हेच होते. केरीच्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, हे आपण छाती फुगवून सांगतो. मात्र ती साडेतीन मिनिटांची भैरवी शांतपणे बसून ऐकलेले किती जण निघतील? गाण्याच्या बाबतीत एक सबब तरी असते. जुन्या तबकड्यांत खरखर असते, मैफलीतला आवाज त्यात पुरता उतरत नाही. नाटकाचे तर त्याहून वाईट. मास्टर दीनानाथांच्या भूमिका पाहणारी पिढी गेली आणि त्या भूमिकाही तिच्याबरोबर गेल्या. बुद्धिबळात ही सबब चालत नाही. डावाची नोंद कागदाच्या अर्ध्या पानावर मावते आणि त्यात डावातली प्रत्येक चाल असते. जगज्जेत्याने पटावर जे केले ते तुम्ही स्वतःच्या हाताने, जसेच्या तसे, घरच्या पटावर पुन्हा करू शकता. असा कलाप्रकार दुसरा कुठला आहे?

उदाहरणादाखल एकच डाव घेऊ. जानेवारी २०१३, नेदरलँड्समधले वाइक आन झे. पांढरी मोहरी लेव्हॉन अ‍ॅरोनियनकडे, काळी आनंदकडे. अ‍ॅरोनियन हा आपल्याला परका नव्हे. २००२ साली तो कनिष्ठ गटाचा जगज्जेता झाला तो गोव्यातच, आणि २०२५च्या विश्वचषकासाठीही तो इथे येऊन गेला.

बाराव्या चालीला अ‍ॅरोनियनचा घोडा पुढे सरसावतो. काळ्या राजापुढचे प्यादे मारायचा त्याचा बेत उघड आहे. आनंद ते प्यादे वाचवायला जातच नाही, पटाच्या मध्यभागी वेगळेच प्यादे पुढे सारतो. घोडा प्यादे मारतो आणि आता काळ्या हत्तीवर मारा आहे. आनंद हत्तीही हलवत नाही, आपला घोडा पांढऱ्या राजाच्या दिशेने नेतो. पंधराव्या चालीला तो उंट अशा घरात ठेवतो की साधे प्यादे त्याला मारू शकेल. सोळाव्या चालीला दुसरा घोडाही प्याद्याच्या तोंडी देतो. आता काळ्याची चार मोहरी एकाच वेळी माऱ्याखाली आहेत... आणि तरीही अडचणीत आहे तो पांढरा!

इथे थांबावे. पुढची चाल कागदाने झाकावी आणि स्वतःला विचारावे, त्या प्याद्याने हा घोडा मारला तर काय होईल? मारून पाहा. काळा वजीर मध्यभागातले प्यादे मारून शह देतो, राजा कोपऱ्यात सरकतो. मग वजीर राजाच्या अगदी शेजारी जाऊन बळी जातो. त्याला हत्तीनेच मारावे लागते आणि त्या हत्तीने राजाची शेवटची वाट बुजते. उरलेला घोडा उडी मारून मात करतो. पटावर ही मात प्रत्यक्षात झाली नाही, कारण अ‍ॅरोनियनला ती दिसत होती. पण ती पाहिल्याशिवाय सोळावी चाल कळत नाही, आणि ती चाल कळल्याशिवाय 'आनंद थोर आहे' हे वाक्य पोकळच राहते. तेविसाव्या चालीनंतर अ‍ॅरोनियनने डाव सोडला.

डाव संपल्यावर आनंदने आठवण काढली ती आकिबा रुबिनस्टाइनची. १९०७ साली, आजच्या पोलंडमधल्या लोड्झ शहरात, काळ्या मोहऱ्यांनी खेळताना रुबिनस्टाइनने रॉटलेवीविरुद्ध वजिराचा बळी दिला होता आणि दोन उंटांच्या तिरक्या माऱ्यात पांढऱ्या राजाला कोंडले होते. म्हणजे जगज्जेता स्वतःसुद्धा कुणाचा तरी चाहता असतो, आणि त्याचे चाहतेपण दुसऱ्याचे डाव अभ्यासण्यातून आलेले असते. बॉबी फिशरने रशियन बुद्धिबळ मासिके वाचण्यासाठी रशियन शिकून घेतले, तेही याच ओढीने.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, 'आम्ही काही खेळाडू नाही.' गाणे ऐकायला गवई असावे लागत नाही, कान तयार करावा लागतो. मोहऱ्यांच्या चाली येत असल्या तरी पुरे, बाकीचे काम सवय करते. दुसरा आक्षेप म्हणजे, 'आता संगणक सगळे क्षणात सांगतो.' सांगतो खरा, आणि तिथेच घात होतो. पडद्याच्या कडेला आकडा दिसला की आपण पट पाहायचे सोडून आकडा पाहतो. जगज्जेत्याची चाल अर्ध्या गुणाने उणी ठरली की आपणच त्याचे परीक्षक झाल्याच्या थाटात बसतो. आधी स्वतः अडावे, चाचपडावे, मग संगणकाला विचारावे. माणूस काय करून गेला हे तेव्हाच कळते.

आपल्या घरचेही विसरायला नको. गोव्याचा पहिला ग्रँडमास्टर अनुराग म्हामल आपलाच. लिऑन मेंडोन्सा आपलाच, आणि त्याने २०२४ साली त्याच वाइक आन झेमध्ये चॅलेंजर्स गट जिंकला. त्यांचे सत्कार जरूर करा. पण गावच्या वाचनालयात महिन्यातून एक संध्याकाळ एखादा मोठा पट भिंतीला लावून लिऑनचा एक डाव चाल-चाल उलगडला तर? खर्च काही नाही, भाषणे नाहीत, पाहुण्यांची वाट पाहणे नाही. आठ-दहा पोरे आणि दोन-चार निवृत्त मास्तर जमले तरी खूप झाले. शाल कपाटात जाते. डाव मात्र ज्याने एकदा मन लावून पाहिला, त्याच्याजवळ राहतो.