भस्मासुर म्हणू नका, पळालेल्या बापाचं नाव घ्या!

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

परवा आपल्या भागातल्या एका सभेत एक पुढारी गरजले, "हा प्रकल्प म्हणजे भस्मासुर आहे!" टाळ्या पडल्या. मीही सवयीनं वहीत लिहून घेतलं. रात्री बातमी टाईप करताना मात्र हात थांबला. हाच शब्द मी स्वतः इतक्या वर्षांत मथळ्यात किती वेळा वापरलाय, ते मोजायला गेलो तर लाज वाटेल.

भस्मासुराची गोष्ट आपल्याला पाठ आहे. वर मिळाला, माजला, वर देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला धावला. दोष कुणाचा? असुराचा. वर देणारा आपला भोळा. म्हणूनच पुढाऱ्यांना हा शब्द आवडतो. सही करणारा भोळा आणि प्रकल्प तेवढा असुर!

इंग्रजीत असल्या वेळी 'फ्रँकेन्स्टाईन' म्हणतात आणि आम्ही पेपरवाले त्याचंही भाषांतर बिनदिक्कत 'भस्मासुर' करतो. डिप्लोमाला असताना एका सरांनी ते पुस्तक वाचायला दिलं होतं. तेव्हा वीस पानांत सोडलं. या पावसाळ्यात दोन दिवस लाईट नव्हती, तेव्हा पूर्ण वाचलं आणि कळलं की आपण सगळी वर्षं उलटं सांगत आलोय.

मेरी शेलीनं ही कादंबरी लिहायला घेतली 1816 मध्ये, तेव्हा ती 18 वर्षांची होती. 1818 मध्ये पुस्तक आलं, त्यावर तिचं नावही नव्हतं. पहिली गोष्ट अशी, की फ्रँकेन्स्टाईन हे राक्षसाचं नाव नाहीच. ते बनवणाऱ्याचं नाव आहे. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन, विद्यापीठातला हुशार पोरगा. मढ्यांचे तुकडे जमवून तो एक जीव उभा करतो. नोव्हेंबरातल्या एका रात्री तो जीव डोळे उघडतो. आणि हा काय करतो? पळतो. खोलीत जाऊन झोपतो. त्या जीवानं बिछान्याजवळ येऊन हात पुढे केला, तर घराबाहेर पळतो. पुढे घरी येऊन बघतो तर तो निघून गेलेला. याला आनंद होतो! सुटलो एकदाचा! गेला कुठे, खाणार काय, कुणाला इजा करेल का, काही विचार नाही. साधं नावसुद्धा ठेवलं नाही त्याला.

तो जीव लपून राहून एका गरीब कुटुंबाचं ऐकून ऐकून बोलायला शिकतो, वाचायला शिकतो. माणसं मात्र त्याला दिसेल तिथे हाणतात. मग तो सुडाला पेटतो. पहिला बळी व्हिक्टरचा लहान भाऊ. आळ येतो घरातल्या मोलकरणीवर. खरा खुनी कोण ते व्हिक्टरला ठाऊक असतं, पण कोर्टात तो गप्प बसतो. ती बिचारी फासावर जाते.

त्या जीवाला मी निर्दोष म्हणत नाही. लहान पोर मारलंय त्यानं. पण शेवटी मरणाच्या दारात व्हिक्टर काय सांगतो? आयुष्याचा हिशेब तपासून पाहिला, माझ्या वागण्यात दोष दिसत नाही. हे असलं काही आपण कुठे ऐकलंय का हो?

मी ऐकलंय. म्हणून पुस्तक वाचताना मला युरोप दिसत नव्हतं, आपलं गुहागर दिसत होतं.

दाभोळ वीज प्रकल्प. नाव दाभोळचं, जागा वाशिष्ठीच्या अलीकडच्या तीरावर, अंजनवेल, वेलदूर, रानवीकडची. 1992 मध्ये एनरॉनबरोबर सामंजस्य करार, डिसेंबर 1993 मध्ये वीजखरेदी करार. राज्यात काँग्रेस. मग अरबी समुद्रात बुडवायची भाषा करत युती आली. ऑगस्ट 1995 मध्ये करार रद्द केला आणि काही महिन्यांत नव्यानं वाटाघाटी करून तोच प्रकल्प पुन्हा उभा केला. मे 1996 मध्ये केंद्रातल्या तेरा दिवसांच्या सरकारनं जाता जाता प्रतिहमी दिली. 1999 मध्ये 740 मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. वीज परवडेना. 2001 च्या मे महिन्यात वीज मंडळानं ती घेणं थांबवलं, प्रकल्प बंद पडला. दुसरा टप्पा बराचसा बांधून झालेला, तोही तसाच राहिला. त्याच वर्षी डिसेंबरात एनरॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली.

आता मोजा, या पोराला बाप किती. काँग्रेसनं जन्म दिला, युतीनं पुन्हा उभं केलं, केंद्रानं हमी दिली, एनरॉननं पैसा ओतला. बंद पडल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा. शेवटी 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर काढावी लागली. म्हणजे निस्तरलं तुमच्या-माझ्या पैशानं. आणि ज्या गावकऱ्यांनी विरोध केला म्हणून लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला, ज्यांच्यावरच्या दडपशाहीबद्दल 1999 मध्ये ह्यूमन राईट्स वॉचनं अख्खा अहवाल काढला, त्यांच्या दारात येऊन 'चुकलं आमचं' म्हणाला का कुणी? कंपनी बुडून दोन दशकं उलटली, लोक त्या जागेला अजून 'एनरॉन'च म्हणतात. बनवणारा पळाला आणि नाव तेवढं मागे चिकटलं. पुस्तकातही नेमकं हेच झालंय.

गुहागर लांब वाटत असेल तर आपल्याच गावात या. खाडीपलीकडे जैतापूर, त्याच्या पुढे माडबनचा सडा. सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी 1650 मेगावॅट, एकूण 9900. त्यासाठी 938 हेक्टर जमीन. डिसेंबर 2010 मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी आले, अरेवा कंपनीबरोबर करार झाले. 18 एप्रिल 2011 ला आपल्या नाटे गावात पोलिसांचा गोळीबार झाला आणि एक तरुण गेला. पुढे अरेवाच आर्थिक संकटात सापडली, तिचा अणुभट्ट्यांचा धंदा ईडीएफकडे गेला. 2021 मध्ये ईडीएफनं प्रस्ताव दिला. भट्टी अजून एकही नाही. आपल्याकडे तर जीवानं डोळे उघडायच्या आधीच बनवणारा खोली सोडून गेला!

मी प्रकल्पाच्या बाजूचा की विरोधातला, यावर इथे भांडू नका. माझा मुद्दा दोन्ही बाजूंच्या लोकांसाठी आहे. 2010 मध्ये अणुअपघाताच्या भरपाईचा कायदा आला. त्यातलं 17 वं कलम असं होतं, की पुरवठादारानं सदोष यंत्र दिलं आणि त्यामुळे अपघात झाला, तर भट्टी चालवणाऱ्या कंपनीला त्याच्याकडून वसुली करता येईल. साधी गोष्ट आहे ना? गवंड्यानं घर नीट बांधलं नाही तर आपण गवंड्यालाच विचारतो. पण परदेशी पुरवठादारांची खरी हरकत होती ती याच कलमाला. भट्टी आम्ही विकू, पुढचं आम्हाला विचारू नका. व्हिक्टर तरी आधी पळाला नव्हता. हे 'पळायची मुभा द्या' असं करारातच लिहून मागत होते.

आता माझं स्वतःचं. 2011 मध्ये मी नवा बातमीदार होतो. मोठमोठे मथळे दिले. गोळीबार झाला तेव्हा दिल्ली-मुंबईचे कॅमेरे आले, चार दिवसांत गेले. मी तर इथलाच, तरी मीही पुढच्या बातमीकडे वळलो. ज्या घरातला मुलगा गेला, त्या घरात वर्षभरानं जाऊन 'कसं चाललंय' विचारलं का मी? नाही विचारलं. जमिनीचे चेक घेतलेल्यांमधल्या एका आजोबांनी मध्यंतरी मला हटकलं, "जमीन पण गेली नि प्रकल्प पण नाय. तू तेवा फोटो काढलंस, आता काय काढतंस?" उत्तर नव्हतं. बातमी जन्माला घालून पळणारे आम्हीही त्याच घराण्यातले.

म्हणून पुढच्या वेळी कुणीही नवा प्रकल्प घेऊन दारात आला, मग तो रिफायनरीचा असो, बंदराचा असो की अणुभट्टीचा, तर 'नोकऱ्या किती' याच्या आधी तीन प्रश्न विचारा.

एक, हा बंद पडला तर कोण आवरणार आणि त्याचे पैसे आज कुठे ठेवलेत? खाणींना हा नियम आहे. खाण बंद करायचा आराखडा आणि आर्थिक हमी आधी द्यावी लागते. मग बाकीच्यांना सूट कशाला?

दोन, आलाच नाही तर जमिनीचं काय? 2013 च्या भूसंपादन कायद्यात 101 वं कलम आहे. ताबा घेऊन पाच वर्षं जमीन वापरली नाही, तर ती मूळ मालकाला परत किंवा सरकारच्या भूमी बँकेत. त्या 'किंवा'तच सगळी मेख आहे. ती काढा म्हणून ग्रामसभेचा ठराव करा. माडबनची जमीन तर त्याआधीच, 1894 च्या जुन्या कायद्यानं गेली. तिच्याबद्दल काय ते वेगळं आणि लेखी मागा.

तीन, सही कुणाची? पक्षाचं नाव नको, माणसाचं नाव आणि हुद्दा. वीस वर्षांनी नातवंडांना सांगता आलं पाहिजे, याच्यामागे हा होता.

आणि कुणी पुढारी स्टेजवरून 'भस्मासुर' म्हणाला, तर टाळ्या वाजवू नका. उभे राहा आणि विचारा, "साहेब, वर कुणी दिला होता?"

मी त्या आजोबांकडे या रविवारी जाणार आहे. काय बोलले ते इथेच लिहीन. नाही लिहिलं तर मला विचारा.