नगरातील पडीक तुकडे कोणाचे?

मुंबईत गरिबांच्या घरांसाठी जागा नाही, हे वाक्य गेली कित्येक दशके मंत्रालयापासून महापालिकेपर्यंत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते आता निसर्गनियमासारखे वाटू लागले आहे. २०२४ साली शासनाने गिरणी कामगारांच्या घरांची जी योजना पुढे केली, तिच्यासाठी जागा सापडली ती शेलू आणि वांगणी येथे. ज्यांच्या श्रमावर गिरणगाव उभे राहिले त्यांना कर्जतच्या वाटेला लावायचे आणि त्याच गिरणगावात गगनचुंबी मनोऱ्यांना परवाने द्यायचे, हा व्यवहार पाहिल्यावर जागेच्या टंचाईवर कोणी विश्वास ठेवावा?

जागा कोणाच्या हाती राहावी, या प्रश्नाची उत्तरे या राज्याने वेळोवेळी दिली आहेत. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मुंबईत ५०० चौरस मीटरची मर्यादा घातली. कायद्यात पळवाटा होत्या, सवलतींची खैरात झाली. तरीही मृणालताई गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेच्या झेंड्याखाली झगडून याच कायद्याच्या आधारे गोरेगावला दिंडोशीच्या माळावर हजारो सामान्य कुटुंबांची घरे उभी करून दाखविली. केंद्राने १९९९ मध्ये तो कायदा मोडीत काढला आणि २००७ मध्ये महाराष्ट्रानेही त्याचे विसर्जन केले. कायदा निकामी होता म्हणून तो गेला असे सांगितले गेले. दिंडोशीची वसाहत या म्हणण्याला साक्ष देत नाही.

गिरण्यांच्या जमिनींची कथा आणखी बोलकी आहे. १९९१ च्या नियमावलीत या जमिनींचा एक भाग मोकळ्या जागांसाठी पालिकेकडे, एक म्हाडाकडे घरांसाठी आणि उरलेला मालकाकडे, अशी ढोबळ वाटणी होती. २००१ साली नियमात बदल झाला आणि वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती राहिली. जिच्यावर शेड उभी होती ती जमीन हिशेबातूनच वगळली गेली. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कामगार व नागरिकांच्या बाजूने कौल दिला, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तो फिरविला. सार्वजनिक वाट्याला मग आले ते विखुरलेले, वेडेवाकडे तुकडे. २०१२ च्या सोडतीत कामगारांना ६,९२५ घरे मिळाली. अर्ज मात्र दीड लाखाच्या घरात होते.

आता अधिकारीवर्ग म्हणतो की तुकडे लहान आहेत, त्यांच्यावर योजना ‘परवडत नाही’. कोणाला परवडत नाही? विकासकाला नफ्याचे मनोरे बांधायला मोठा सलग भूखंड लागतो, हे खरे. पण पालिकेला नफा कमवायचा नसेल तर हिशेब बदलतो. चारशे चौरस मीटरचा तुकडा घ्या. निम्म्या जागेवर तळमजला अधिक तीन मजले बांधले तर आठशे चौरस मीटर बांधकाम होते. जिने, भिंती, पाण्याची टाकी वजा करता तीनशे-सव्वातीनशे चौरस फुटांची वीस घरे सहज निघतात. जमीन आधीच लोकांची असल्याने तिची किंमत मोजायची नाही. असे तुकडे कुठे असतात, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको: बंद पडलेला दवाखाना, ओस पडलेली चौकी, अर्धवट वापरातली मंडई, रस्ता रुंद केल्यावर उरलेली पट्टी, २०१७ साली जकात बंद झाल्यावर रिकामे झालेले नाके.

मात्र ही घरे विकायची नाहीत. भाड्याने द्यायची, आणि भाडे मिळकतीच्या प्रमाणात. विकलेले घर एका पिढीत बाजारात जाते. शिवाय सरकारी विक्रीचे काय होते ते म्हाडाच्या २०२३ च्या सोडतीत दिसले. त्या यादीत ताडदेवच्या घरांची किंमत साडेसात कोटींच्या वर होती! याउलट १८९६ च्या प्लेगनंतर परकीय सरकारने स्थापलेल्या सुधार मंडळाने आणि पुढे १९२० च्या दशकात विकास विभागाने भाड्याच्या चाळी बांधल्या. बी. डी. डी. च्या २०७ चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोल्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्या कोंदट होत्या. पण कामगाराला कामाच्या जागेजवळ भाड्याने घर देणे हे राज्याचे काम आहे, इतके तरी त्या काळच्या सरकारला मान्य होते. आज शहर झाडणारा सफाई कामगार निवृत्त होताच सेवानिवासस्थानातून बाहेर पडतो आणि झोपडपट्टी शोधू लागतो.

व्हिएन्ना नगरपालिकेने समाजवाद्यांच्या हाती असताना १९२३ पासून घरांवर चढत्या श्रेणीचा कर बसविला आणि १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक भाड्याची घरे बांधली. मोठ्या वसाहतींबरोबर जुन्या गल्ल्यांतील दोन इमारतींमधल्या खाचाही तिने सोडल्या नाहीत.

आपल्याच सहकाऱ्यांकडून येणारी एक शंका मात्र गंभीर आहे. मुंबईत मुलांना खेळायला जागा उरलेली नाही. मग उरलेसुरले तुकडेही बांधून टाकायचे काय? उद्यान आणि मैदान म्हणून आरक्षित जागेला हात लावू नये, हे आम्ही निःसंदिग्धपणे सांगतो. तसेच वीस-वीस घरांनी लाखोंचा प्रश्न सुटेल असा दावाही आम्ही करीत नाही. झोपडपट्टीवासीयांचे व गिरणी कामगारांचे लढे आपल्या जागी चालूच राहतील. पण जो तुकडा आज लोकांच्या वापरात येत नाही, तो उद्या नाममात्र भाड्याने कोणाच्या तरी ताब्यात जातो आणि परत येत नाही, हा अनुभव आहे.

मार्च २०२२ पासून कित्येक वर्षे महापालिका प्रशासकाच्या हाती होती आणि अशा जागांविषयी जाब विचारायला निवडून दिलेले सभागृह नव्हते. म्हणून यादी आपणच करावी लागेल. प्रत्येक वॉर्डातील शाखेने विकास आराखड्याचा नकाशा हाती घेऊन गल्लीगल्ली फिरावे, पडीक सार्वजनिक तुकड्यांचे क्षेत्रफळ, मालक खाते आणि आजचा वापर नोंदवावा, आणि माहितीच्या अधिकारात वॉर्ड कार्यालयाकडून भाडेपट्ट्यांची मुदत मागवावी. ज्यांची मुदत संपली आहे असे पट्टे प्रथम हाती घ्यावेत, कारण तेथे न्यायालयाची वाट सर्वांत आखूड आहे.