दारूबंदीचा कायदा आणि गांवाचें मत

शेतकऱ्यांच्या मासिकांत बियाणें, पाऊस व बाजारभाव यांखेरीज इतर विषय कशास, असें कांहीं वाचक म्हणतील. परंतु सोयाबीनचा चुकारा हातीं पडल्यावर त्यांतील किती घरीं पोहोंचतो व किती वाटेंतच राहतो, हा प्रश्नही शेतीचाच आहे. मजुरांच्या आठवड्याच्या मजुरीविषयींही तेंच म्हणतां येईल. म्हणून मद्याच्या कायद्यासंबंधानें चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या कायद्यावर सध्यां सगळेच रुष्ट दिसतात. पिणारा म्हणतो, निर्बंध फार झाले. पिणाऱ्याच्या घरची बाई म्हणते, निर्बंध आहेत कोठें? आमच्या मतें दोघांचेंही म्हणणें खरें आहे.

मुंबई दारूबंदीचा कायदा 1949 सालचा. त्या वेळीं आपला वऱ्हाड मध्यप्रांतांत होता. 1956 सालीं विदर्भ मुंबई राज्यास जोडला गेला, व पुढें तोच कायदा आपणांसही लागूं झाला. आज तो महाराष्ट्राच्या नांवानें चालू आहे. नांव दारूबंदीचें, परंतु त्याच कायद्याखालीं दुकानांस परवाने मिळतात, आणि राज्याच्या तिजोरींत या खात्यांतून वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक रुपये येतात. पिणाऱ्यानेंही परवाना घ्यावा असा नियम आहे. परंतु असा परवाना खिशांत बाळगणारा मनुष्य आमच्या पाहण्यांत अद्याप आलेला नाहीं. जो नियम कोणीच पाळीत नाहीं, तो नाहींसा होत नाहीं. ज्याच्यावर मर्जी नसेल त्यास धरण्याच्या कामीं तो शिल्लक राहतो.

मोहाच्या फुलांची कथा अशीच आहे. पहाटे गळलेलीं फुलें वेंचून वाळवावीं, माणसांनीं खावीं, गुरांस घालावीं, हा रानांतील लोकांचा जुना क्रम. परंतु 1892 सालीं इंग्रज सरकारनें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांकरितां मोहाच्या फुलांवर स्वतंत्र कायदा केला, आणि स्वराज्य आल्यावरही फुलांचा साठा व वाहतूक यांवरील बंधनें राहिलीं. तीं उठविण्याचा निर्णय राज्यानें 2021 सालीं घेतला. टोपलीभर फुलांवर नजर, व परवान्याच्या दुकानास संरक्षण, असा हा न्याय इतकीं वर्षें चालला.

मग सरसकट बंदी करावी काय? विदर्भांत तोही अनुभव आहे. वर्धा जिल्ह्यांत सुमारें पन्नास वर्षें व गडचिरोलींत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरांत 2015 सालीं ती आली आणि 2021 सालीं उठली. चोरटी दारू वाढली, हें कारण सरकारनें सांगितलें. चोरट्या दारूचें भय खोटें नाहीं. मुंबईंत मालवणी येथें 2015 सालींच विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें दगावलीं. तरी बंदीमागें हजारों स्त्रियांची चळवळ होती, हेंही विसरतां येत नाहीं. वरून लादलेली बंदी टिकणें कठीण, व वरून उठविलेली बंदी घरोघरच्या दुःखास कठोर. यास्तव निर्णय गांवाच्या हातीं असावा, असें आमचें मत आहे.

गांवास तसा अधिकार आहेच, असें कोणी म्हणेल. आहे खरा. चौथाई महिला मतदारांनीं अर्ज केल्यास मतदान होतें. उभी बाटली म्हणजे दुकान राहावें, आडवी बाटली म्हणजे बंद व्हावें. परंतु दुकान बंद होण्यास मतदानास आलेल्यांच्या नव्हे, तर यादींतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतें पडावीं लागतात. सारी मेख येथेंच आहे.

आमचें निम्में आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें, म्हणून आधीं हिशेब मांडून पाहूं. समजा, यादींत 1000 स्त्रिया आहेत. त्यांपैकीं 100 नांवें मृतांचीं, किंवा सासरीं जाऊन दहा वर्षें झालेल्या मुलींचीं. याद्या कशा असतात हें आम्हांस ठाऊक आहे. 250 स्त्रिया ऊंसतोडीस, वीटभट्टीवर किंवा शहरांत कामास गेलेल्या; मानोऱ्याकडील तांड्यांत ही संख्या याहूनही अधिक निघेल. उरल्या 650. त्या सर्व आल्या, 480 जणींनीं आडव्या बाटलीवर शिक्का मारला, व 170 जणींनीं उभ्या बाटलीवर. दर चार जणींत जवळजवळ तीन दुकानाविरुद्ध. तरीही दुकान कायम! 501 मतें झालीं नाहींत. मेलेल्या व परगांवीं गेलेल्या स्त्रियांचें मत अशा रीतीनें दुकानदाराच्या पदरांत पडतें. आमदार निवडतांना हा नियम नाहीं. मग दुकान बंद करतांनाच तो कां असावा?

यास्तव सरकारास आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, पडलेल्या मतांच्या बहुमतानें निर्णय व्हावा. फार तर निम्म्या स्त्रियांनीं मतदान करावें एवढी अट असावी. दुसरी, मतदानापूर्वीं यादी गांवांत जाहीर वाचून मृत व स्थलांतरित नांवें वगळावीं, आणि मतदान दिवाळीनंतर न घेतां लोक घरीं असतात त्या पावसाळ्यांत घ्यावें. तिसरी, पिण्याच्या परवान्याचें ढोंग रद्द करावें, व त्यावर खर्च होणारें बळ चोरट्या दारूच्या बंदोबस्तास लावावें. दुकान बंद झालें तर पिणारा शेजारच्या गांवीं जाईल, हा आक्षेप खरा आहे. परंतु आठ मैल जाण्यास जो कंटाळेल, त्याचा तेवढा दिवस तरी वांचेल. आणि स्वतःच्या मतानें केलेल्या बंदीवर गांव स्वतःच नजर ठेवील.

शेवटीं आपणां जमीनवाल्यांकडेंही थोडें पाहिलें पाहिजे. सोंगणीची टोळी लवकर यावी म्हणून मजुरीसोबत बाटली कबूल करणारे आपल्यांतच आहेत. निवडणुकीच्या दिवसांत ती कोण वांटतो व कोणाच्या खळ्यावर वांटली जाते, हें सांगण्याची गरज नाहीं. शेंडगांवच्या गाडगेबाबांनीं आयुष्यभर कीर्तनांतून दारूचा निषेध केला. त्यांचीं कीर्तनें ऐकलेले वडीलधारे आपल्याच घरांत होते. मजुरी बाजाराच्या सायंकाळीं न देतां आदल्या दिवशीं, व शक्य तेथें घरच्या बाईच्या हातीं दिली, तरी पुष्कळ कार्य होईल. त्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाहीं. कायदा सुधारण्याची मागणी आपण अवश्य करूं; परंतु ती करतांना आपले हात स्वच्छ असावेत, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.