धोक्याचा आकडा काढा, मग तिजारत करा

वाशिम जिल्ह्यात कापड सोयाबीनवर विकले जाते, हे आपल्यातला प्रत्येक दुकानदार जाणतो. भाव बरा मिळाला तर उधारी फिटते, शादीचा कपडा रोखीने जातो. शिंपी, रंगारी सर्वांनाच काम मिळते. भाव पडला की वही तशीच राहते. २०२१ च्या पावसाळ्यात राज्यातल्या काही बाजारांत सोयाबीन क्विंटलला १० हजारांच्या आसपास गेले होते. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असूनही त्याहून कमी भावाने माल विकावा लागला.

मोठे व्यापारी वायदे बाजारात आधीच भाव बांधून अशा घसरणीपासून बचाव करीत. सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनसह सात जिनसांचे वायदे थांबवले आणि बंदीची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. सट्टा तर आपल्या शरीअतने मनाच केला आहे. तेव्हा आपला बचाव आपणच केला पाहिजे. त्यासाठी एका कागदावर तीन आकडे लिहावेत.

पहिला आकडा उधारीचा. सोयाबीन विकल्यावरच फिटेल अशी उधारी किती? त्यातली निम्मी दिवाळीला आली नाही, तर सुरत-भिवंडीचे देणे कशातून देणार? जवाब सापडत नसेल तर उधारी हद्दीबाहेर गेली असे समजावे.

दुसरा आकडा ठेवींचा. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला एक हजार रुपयेच काढता येत होते. ठेव विम्याची मर्यादा तेव्हा १ लाख होती. फेब्रुवारी २०२० मध्ये ती ५ लाख झाली. व्याज नको म्हणून आपले अनेक बांधव चालू खात्यात पैसा ठेवतात, त्यालाही हा विमा आहे. मात्र मालक एकच असेल तर दुकानाचे व घरचे खाते एका बँकेत मिळून एकच धरतात. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा मुळीच नाही. शिवाय गावच्या पतसंस्थेचे कर्ज बहुधा त्याच शेतकऱ्यांकडे असते. म्हणजे ज्या साली उधारी अडकते, त्याच साली ठेवही धोक्यात येते. हा दुहेरी धोका फार थोडे लोक मोजतात.

तिसरा आकडा दुकानातल्या मालाचा. २० लाखांच्या मालाचा १० लाखांचाच विमा असेल, तर आगीत ४ लाखांचे नुकसान झाल्यावर साधारणपणे २ लाखच हाती येतात. विम्याबाबत उलेमांत मतभेद आहेत. ज्यांना विमा मंजूर नाही, त्यांनी निदान सगळा माल एका छपराखाली ठेवू नये.

मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरामध्ये आहे. आपण लिहितो खरे, पण बेरीज हंगाम बुडाल्यावर करतो. ती पेरणीपूर्वी करावी, एवढीच माझी व्यापारी बांधवांना गुजारिश आहे.